हात की माल

लायटरची ठिणगी बोटाला चावली आणि भीमराज दचकला. तसं त्यात काही नव्हतं. झेंडीगेटच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारं टीचभर दुकान होतं. कॉलेज सुटल्यावर तो शेगडी पिशवीत घालून तिथं आला होता, आणि बायकोने, जयमालाने, आठवणीने दिलेला बंद पडलेला लायटरही त्याने पुढे केला होता. दुकानदाराने मान वर न करताच लायटर उघडला, आतली बोटाच्या पेराएवढी कांडी बाहेर काढली, तिला दोन तारा लावल्या आणि "जिवंत हाय की हो आजून," असं म्हणत खटका दाबला. ठिणगी तारेच्या टोकाशी उडायची ती टेबलावर टेकलेल्या भीमराजच्या तर्जनीवर उडाली. मुंगी चावावी एवढीच. पण ती कांडी कशाची असते हे भीमराजला ठाऊक होतं, तिच्या पोटात काय चालतं हेही ठाऊक होतं, आणि गेलं दीड वर्ष तो तिचा विचार टाळत आला होता. बोट तोंडात घालावंसं वाटलं, ते त्याने खिशात घातलं.

"लागलं का?" म्हणत दुकानदाराने मान वर केली. मेंदी लावलेली दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि चष्म्यावरून बघण्याची ती पद्धत. दोघांनी एकमेकांना एकदमच ओळखलं.

"भीमराज? कचरू भिंगारदिव्याचा?" आणि लगेच, भीमराजच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून तो सावरला. "साहेब, तुमी व्हय! बसा, बसा की."

"दिलावरचाचा, तुम्ही इथं?"

"मग कुठं जानार? गेल्या दिवाळीनंतर कंपनीला कुलूप लागलं."

भीमराजला हे ठाऊक होतं. बंगलोरहून नगरला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सहज सांगितलं होतं, राधाकृष्णशेठचा कारखाना बसला म्हणून, आणि तो "अरेरे" म्हणाला होता. तिथल्या अकरा माणसांचं पुढं काय झालं, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे ती कुठंतरी आहेत, बरी आहेत, असं मनाशी धरून चालता येत होतं. आता त्या अकरांपैकी एक जण स्टूल पुसून त्याच्यापुढे सरकवत होता.

एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात एका खास चिनी मातीच्या चकत्या आणि पट्ट्या बनत. त्या मातीला दाबलं की ती वीज देते आणि वीज दिली की ती थरथरते. लायटरपासून घड्याळाच्या गजरापर्यंत आणि दवाखान्यातल्या सोनोग्राफीपर्यंत सगळीकडे तीच. नव्वदच्या उन्हाळ्यात, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन, भीमराज तिथं दोन महिने कामाला होता. देवळाली प्रवऱ्याहून पहाटेच्या एसटीने यायचा, आणि पहिल्या दिवशी त्याला पावडरीच्या डब्यांपाशी उभं केलं तेव्हा, हा पोरगा कुठला, कुणाचा, हे न विचारणारा एकटा दिलावर शेख होता. त्याने फक्त त्याचे हात बघितले होते. "बोटं लांब हायत. बसल हात," असं म्हणून त्याने त्याला प्रेसपाशी नेलं होतं. तिथं साच्यात पावडर भरून वरून दाब द्यायचा असे, आणि मग ती कच्ची पट्टी भट्टीत जायची. "पावडर दाबायची न्हाई, भीमराज. बसवायची. ल्हान पोराला मांडीवर बसवतेत तशी. जास्त दाबली की आतून रुसती. वरून दिसत न्हाई, भट्टीत गेल्यावर सांगती." दाब दाखवणारा काटा होता, पण दिलावर काट्याकडे बघत नसे. दांड्यावर हात ठेवून तो कान देऊन ऐकल्यासारखा थांबायचा आणि मग सोडायचा. पुढं भौतिकशास्त्रात एमएस्सी केली, मोठमोठी पुस्तकं वाचली, पण पदार्थाला आतून काहीतरी वाटत असतं ही समजूत भीमराजला त्या दोन महिन्यांत चिकटली ती चिकटलीच.

"तुमी बंगलोरला लेसरचं शिकाया गेल्ता म्हनं," दिलावर शेगडीचा बर्नर काढत म्हणाला.

"हो. आता इथंच कॉलेजात शिकवतो. प्रबंध तेवढा द्यायचा राहिलाय."

"मग तुमालाच वाचता यील." दिलावर उठला. मागच्या फळीवरून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून रेशनकार्ड, कार्डाच्या आतून चार घड्या घातलेला कागद. "शेठनं कुलूप लावायच्या दिवशी हातात दिला. इंग्रजी हाय. आमची शिफा आठवीला हाय, अक्षरं वाचती, पर अर्थ लागंना तिला."

घड्या उलगडण्याआधीच भीमराजला कळलं होतं. झेरॉक्सची झेरॉक्स होती, अक्षरं जाड झाली होती. वर प्रयोगशाळेचं नाव, मध्ये आकड्यांचा तक्ता, खाली विभागप्रमुखांची सही, आणि डाव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची तीन आद्याक्षरं. बी. के. बी. भीमराज कचरू भिंगारदिवे. दिलावर, दवाखान्यातला रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघतात तसा, त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"काय लिव्हलंय?"

"जरा किचकट आहे, चाचा. घरी नेऊन नीट वाचतो."

"न्या की. पर जपून. एकच हाय." आणि मग, शेगडीकडे वळता वळता थांबून, "एवढंच बगा साहेब, माझी काय चूक झाली ते कुठं लिव्हलंय का. शेठ म्हनला माल खराब. पर खराब म्हंजे काय? पावडर? दाब? का भट्टी? कायतरी लिव्हलं आसंल ना. मला कळलं पायजे."

कागद वरच्या खिशात ठेवून भीमराज घराकडे निघाला. दिल्लीगेटपर्यंत येऊन तो थांबला, कारण आपण शेगडीची पिशवी रिकामीच हातात धरून चाललो आहोत आणि ती इतक्या घट्ट धरली आहे की बोटं दुखताहेत, हे त्याच्या लक्षात आलं. शहाण्णवच्या डिसेंबरातला तो आठवडा त्याला दिवसवार पाठ होता. देशात त्या वेळी तसली लेसर यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक बंगलोरला त्यांच्या प्रयोगशाळेच्या तळघरात. प्रकाशाची पल्स, म्हणजे एकेक ठोका, इतकी आखूड की उष्णतेला पसरायला सवडच मिळत नाही. जिथं पडते तिथला कण उडून जातो, शेजारच्या कणाला कळतसुद्धा नाही. ठिसूळ मातीत केसाहून बारीक चरे पाडायचे आणि एकही तडा जाऊ द्यायचा नाही, हे त्याच्या प्रबंधाचं काम. पुण्याच्या एका कंपनीने नमुन्याच्या सहा पट्ट्या पाठवल्या होत्या. त्या चांगल्या कापल्या गेल्या तर कंपनी पुढची सगळी ऑर्डर पट्ट्या बनवणाऱ्याला देणार होती. भीमराजने खोकं उघडलं आणि आत कापसाभोवती नगरचं वर्तमानपत्र गुंडाळलेलं निघालं. प्रत्येक पट्टीखाली पेन्सिलीने मराठी आकडा. पाचाचं पोट उलटं काढायची दिलावरची सवय. भीमराज तळघरात एकटाच हसला होता. त्याला वाटलं होतं, घरून डबा आलाय.

पल्स किती आखूड आहे हे रोज सकाळी मोजायचं असे. मोजायचं यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलं होतं. थांबायला हवं होतं. पण कंपनीला घाई होती, विभागप्रमुखांना घाई होती, आणि भीमराजला तर सहा वर्षांपूर्वीच्या प्रेसपासून या तळघरापर्यंतचा सांधा आपल्या हाताने जुळताना बघायची घाई होती. वहीत त्याने मागच्या आठवड्याचा आकडा उतरवला. एक आकडा. सगळेच कधीतरी करत. पाच पट्ट्या कापल्या आणि पाचही पट्ट्यांना चऱ्याच्या कडेने तडे गेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून विभागप्रमुखांनी हळू आवाजात, अगदी सौजन्याने, इंग्रजीत विचारलं, "हात की माल?"

प्रश्न साधा होता, कुणालाही विचारला असता. पण भीमराजला तो दोन वर्षं कुणी ना कुणी विचारतच होतं. मेसमध्ये, ग्रंथालयात, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरचा जातीचा रकाना बघून क्षणभर थांबलेल्या कारकुनाच्या डोळ्यांत. बरोबरच्या एका मुलाच्या हातून महागडी लेन्स फुटली तेव्हा सगळे हसले होते, त्याची आठवडाभर थट्टा चालली होती. भीमराजच्या हातून एकदा साधा स्क्रू पडला, तेव्हा कुणीही हसलं नव्हतं. ती शांतता त्याच्या पाठीवर कायमची बसली होती. प्रमुखांच्या मागे तेच सगळे उभे होते, न हसता. आणि भीमराजच्या तोंडून निघालं, "माल, सर." निघाल्याबरोबर पाठीवरचं ओझं उतरलं. प्रमुखांनी मान हलवली, जणू त्यांचीही तीच अपेक्षा होती. नगरच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये हातप्रेसवर दाबलेली माती ती. तिच्याकडून आणखी काय होणार? सगळ्यांचा चेहरा सैल झाला. कुणीतरी त्याला चहा दिला. हलका, खालच्या प्रतीचा, हे शब्द जन्मभर त्याच्याभोवती घोंघावत आले होते, आणि ते दुसऱ्या कुणावर तरी जाऊन बसले की किती मोकळं वाटतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मार्चमध्ये मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं. पल्स पसरली होती, हवी त्याच्या कितीतरी पट लांब. आतला एक आरसा हलला होता. भीमराजने आरसा जागेवर आणला आणि, कुणी नसताना दुपारी, खोक्यात उरलेली सहावी पट्टी लेसरखाली धरली. ती खरवसावर सुरी फिरावी तशी कापली गेली. कड इतकी स्वच्छ की त्याला आधी विश्वासच बसेना. तिच्याकडे तो किती वेळ बघत राहिला कुणास ठाऊक. मग त्याने ती दोन बोटांत धरून मोडली आणि तुकडे भंगाराच्या डब्यात टाकले. अहवाल तोवर पुण्याला जाऊन तीन महिने झाले होते. झालं ते झालं. शिवाय तेच वाक्य आता प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात होतं, आपल्याकडचा माल आणि जपानी माल यांची तुलना म्हणून, आणि ते प्रकरण प्रमुखांना फार आवडलं होतं.

जयमाला टेलिफोन एक्स्चेंजमधून आली तेव्हा तो अंधार पडू लागलेल्या खोलीत दिवा न लावता बसला होता. कागद बघून तिने काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, सगळं, सहाव्या पट्टीसकट. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होती.

"आणि आता त्यांना सांगायचं म्हणता?"

"त्यांनी विचारलंय."

"त्यांना सांगा, यंत्राची चूक होती. तुमचं नाव कशाला घेता? बंद पडलेली कंपनी काय परत उभी राहणार आहे?" मग ती समोर बसली. तिचा आवाज खाली आला. "दुसऱ्या कुणी कबूल केलं तर म्हणतील चूक झाली. तुम्ही केलंत तर म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. तुमच्या मागून जी पोरं तिथं जातील त्यांनाही ऐकवतील. याचा विचार केलाय?"

केला होता. दीड वर्ष तोच विचार केला होता, आणि तो खराच होता. म्हणूनच तर तो इतका सोयीचा होता. भीमराजला वडील आठवले. साखर कारखान्यात ते रोजंदारीवर होते तेव्हा पाकाच्या टाकीवरची मोजनळी फुटली. फोडली फिटरने, आणि तो म्हणाला, कचऱ्यानं फोडली. कचरू काही बोलला नाही. कुणी विचारलंच नाही त्याला. पंधरा दिवस तो घरी बसला होता आणि भीमराज सात वर्षांचा होता. बाप कामावर का जात नाही असं त्याने विचारल्यावर आई, बनाबाई, भाकरी थापता थापता म्हणाली होती, "त्यांच्यावर नाव आलंय." नाव येतं म्हणजे काय, ते कुठून येतं, हे त्याला समजेना. आता त्याच्या डोळ्यांपुढे तो फिटर येत होता. त्याला आजवर कधी चेहरा नव्हता. आता त्याला हळूहळू चेहरा फुटू लागला होता, लांब बोटं फुटू लागली होती. तो फिटरही कुणाला तरी घाबरला असेल, हे भीमराजला पहिल्यांदाच सुचलं, आणि सुचलं त्याची शिसारी आली.

आठ दिवस तो झेंडीगेटकडे फिरकला नाही. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचा, फळ्याकडे तोंड करून उभा राहायचा. नवव्या दिवशी जयमाला सकाळी स्टोव्हला पिन मारता मारता म्हणाली, "जायचं तर जा एकदाचे. हे असं घरात वावरणं मला बघवत नाही." त्याच दुपारी तो गेला.

दिलावर बर्नरची भोकं तारेने मोकळी करत होता. "वाचलं का साहेब?"

"वाचायची गरज नव्हती, चाचा. ते मीच लिहिलंय."

तार थांबली. भीमराजने वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती, पल्स म्हणजे काय, आरसा कसा हलतो. त्यातलं एकही आठवेना. "तुमच्या पट्ट्या चांगल्या होत्या. लेसर बिघडलं होतं. मी ते मोजलं नाही, आणि मोजलं असं लिहिलं. तडे गेले ते माझ्यामुळं. मला विचारलं, हात चुकला का माल खराब. मी म्हटलं, माल."

"माल चांगला हुता?"

"हो."

"आन् माझा हात?"

"बरोबर होता. अगदी बरोबर."

दिलावरने तार खाली ठेवली. त्याच्या तोंडावर आलं ते हसू होतं, लहान, अविश्वासाचं. बोळातून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला थांबवून काहीतरी सांगावं असं त्याला वाटत असावं. त्याने हात उचललाही, पण परत खाली घेतला. "म्या बानूला म्हनत हुतो," तो म्हणाला. "बायकोला. म्हनत हुतो, काय गफलत झाली कळंना. एवढी वर्सं दाबतोय." मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "तुमाला कवा कळलं हे?"

हा प्रश्न भीमराजच्या जुळवणीत नव्हता. "मार्चमध्ये."

"कंच्या?"

"सत्त्याण्णवच्या."

दिलावरचे ओठ हलू लागले. अंगठा एकेका बोटाच्या पेरावर टेकत गेला. मार्च, एप्रिल, मे. तो पुटपुटत नोव्हेंबरपर्यंत आला आणि थांबला. "आठ म्हैने हुते," तो म्हणाला. "कुलूप लागायच्या आधी आठ म्हैने."

दिलावरने हातातला बर्नर बाजूला सारला.

"पुन्याच्या लोकांनी शेठला आजून एक संधी दिल्ती. म्हाईत हाय का तुमाला? दोष काढून दुसरा लॉट द्या म्हनले. दोष काढायचा म्हंजे काय करायचं? हुता कुठं दोष? मला वाटलं दाब कमी पडतोय. वाढवला. मग आजून वाढवला. म्हाईत हुतं हो मला, जास्त दाबली की रुसती. पोरांना शिकवायचो मी. तरी दाबली. का, तर बंगलोरच्या मोठ्या लोकांनी लिव्हलंय, ते काय खोटं लिव्हतील? हात म्हनायचा बास, आन् मी हाताचं ऐकना. मे म्हैना हुता. भट्टीतनं पट्ट्या काढल्या, शंभरातल्या चाळीस चिरलेल्या. लेसर न्हाई, काय न्हाई, नुसत्या भट्टीत. शेठनं माझ्याकडं बघितलं. बोलला न्हाई काय. त्या दिवशी मला पटलं, का पयला लॉटबी माझ्यामुळंच गेला."

बोळात कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत राहिली. भीमराजच्या मनात ती खोटी गोष्ट आजवर एका जागी पडून होती, खणात ठेवलेल्या कागदासारखी, कुणी हात लावला नाही तर तशीच राहील अशी. ती पडून नव्हती. ती रोज सकाळी एमआयडीसीत कामावर जात होती. ती दिलावरच्या हातात हात घालून दांडा खाली ओढत होती, रोज थोडा जास्त, जोवर ती खरी होत नाही तोवर. मे महिन्यात तो कुठं होता? तिसरं प्रकरण लिहीत होता. मेसच्या गच्चीवर आंबे खात होता.

"शिव्या द्या, चाचा," तो म्हणाला.

"त्यानं काय व्हईल?" दिलावरने शेगड्यांच्या बिलांची वही पुढे ओढली आणि तिच्यातला मधला कोरा कागद काढला. "लिव्हून द्या. मराठीत. बानूला वाचून दाखवीन मी."

गुडघ्यावर वही घेऊन भीमराज लिहू लागला. इंग्रजीत हे सगळं किती सहज लिहून झालं होतं. त्यात कुणी काही करत नसे, सगळं आपोआप होत असे. पण मराठीतही त्याचा हात त्याच वाटेने गेला. 'दिलावर शेख यांनी बनवलेल्या पट्ट्यांना तपासणीत तडे गेले, त्याचे कारण—' दिलावर खांद्यावरून वाकून अक्षर अक्षर जुळवत वाचत होता. त्याने काळं बोट कागदावर टेकवलं.

"गेले न्हाई. गेले म्हंजे आपसूक गेले. पाडले लिव्हा."

भीमराजने खोडलं. 'मी तडे पाडले.' पुढचं मग थांबलं नाही. वही, आकडा, आरसा, सहावी पट्टी, ती मोडून टाकली तो डबा. खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि तारीख. दिलावरने कागद घेतला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, मोठ्याने, अडखळत. शेजारचा कुलूपवाला काम थांबवून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने कागद रेशनकार्डात ठेवला आणि म्हणाला, "हेच आता बंगलोरला पाठवा. पुन्याला पाठवा. शेठलाबी एक द्या." पूर्वीचा दिलावर चहा मागवल्याशिवाय कुणाला सोडत नसे. त्याने चहा मागवला नाही.

पत्रं गेली, रजिस्टर पोस्टाने. पुण्याहून काहीच आलं नाही. बंगलोरहून आधी फोन आला, कॉलेजच्या ऑफिसात. प्रमुख चिडले नव्हते, ते थकल्यासारखे बोलत होते. हे आता उकरून कुणाचा फायदा आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. प्रबंधातलं तिसरं प्रकरण काढावं लागेल, काम पुन्हा करावं लागेल, शिष्यवृत्ती तर संपलेली. म्हणजे प्रबंध गेल्यासारखाच. "मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "तुझ्याकडून अपेक्षा होत्या." फोन ठेवल्यावर भीमराज त्या वाक्याची घडी उलगडत बसला. अपेक्षा होत्या, की नव्हत्या आणि त्या खऱ्या ठरल्या? ते कधीच कळणार नव्हतं. जयमालाला त्याने संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" आणि मग बराच वेळ त्याच्या शेजारी बसून राहिली.

दिवाळी होऊन गेल्यावर प्रयोगशाळेचं अधिकृत पत्र आलं, चार ओळींचं, एक प्रत राधाकृष्णशेठला. भीमराज ते घेऊन झेंडीगेटला गेला. एक बाई शेगडी घेऊन उभ्या होत्या. दिलावरने त्यांना हाताने थांबायची खूण केली आणि भीमराजला म्हणाला, "वाचा."

भीमराजने मराठी करून वाचलं. पूर्वीचा अहवाल मागे घेण्यात येत आहे. नमुन्यांतील तडे हे प्रायोगिक परिस्थितीमुळे निर्माण झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

"ह्यात माझं नाव हाय?"

"नाही."

"तुमचं?"

"नाही."

"मग केलं कुणी म्हनतेत?"

"परिस्थितीनं, चाचा."

"परिस्थिती," दिलावरने शब्द तोंडात घोळवला. "म्हंजे कुणी न्हाई." त्याने पत्र हातात घेतलंही नाही.

"शेठनं चाकणला शब्द टाकला होता ना? तिथल्या कारखान्यात? माझं पत्र बघून त्यांनी तुम्हाला बोलावलं, असं ऐकलं."

"गेल्तो की. तीन दिवस हुतो." दिलावरने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते कुणा दुसऱ्याने ठेवायला दिले असावेत. "चांगली मानसं हायत. प्रेसबी चांगली. पर दांड्यावर हात ठेवला का वाटतं, कमी पडतंय. म्हाईत हाय कमी पडत न्हाई. तुमी लिव्हून दिलंय, बानूनं ऐकलंय, समद्यास्नी म्हाईत हाय. तरी वाटतं. जरासं आजून दाबावं वाटतं. तिसऱ्या दिवशी मीच म्हनलो, न्हाई जमनार."

भीमराजला काहीतरी बोलायचं होतं. होईल, हात परत बसेल, थोडे दिवस जाऊ द्या. त्याने तोंड उघडलंही. दिलावर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होता, रागाने नव्हे, वाट बघत असल्यासारखा, आणि त्या नजरेपुढे असलं काही बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याला कळलं.

"उठा आता," दिलावर म्हणाला. "बाई कवाच्या उभ्या हायत."

भीमराज उठला. त्याने मोकळ्या केलेल्या स्टुलावर बाईंनी शेगडी ठेवली, आणि दिलावरने तिचा बर्नर काढून उजेडाकडे धरला.